पोटाची चरबी, पायाची जखम

प्रश्न : नमस्कार डॉक्टरताई. आमचं गाव घाटंजी तालुक्यात. पाच एकर कोरडवाहू. बाबा ६१ वर्षांचे, अकरा वर्षांपासून शुगर आहे. फाल्गुनात वावरात पऱ्हाटीचं खुट त्यांच्या उजव्या पायात, अंगठ्याच्या खाली घुसलं. त्यांना समजलंसुद्धा नाही. संध्याकाळी आईला चपलेत रक्त दिसलं. आधी कंबरमोडीचा पाला चोळून लावला, मग हळद, मग गावातल्या डॉक्टरांकडून पट्टी. आता श्रावण आला, जखम रुपयाएवढी आहे आणि भरत नाही. दुखत नाही म्हणून बाबा रोज वावरात जातात. मेव्हण्यानं एक व्हिडिओ पाठवला : पोटाची चरबी काढून त्यातले स्टेमसेल जखमेत टोचले की ती भरते. मोठ्या शहरातल्या त्या सेंटरनं फोनवर एक लाख ऐंशी हजार सांगितले. बैलजोडी विकावी लागेल. माझे प्रश्न असे : हे खरं आहे का? बाबा अंगानं सुकट आहेत, त्यांच्या पोटाला चरबी निघेल का? आणि आम्ही जावं की नाही? कृपया नाव छापू नये.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नमस्कार भाऊ. तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. 'दुखत नाही म्हणून बाबा रोज वावरात जातात.' तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण शेवटी मी या ओळीवरच येणार आहे.

आधी खरं-खोटं. चरबीत स्टेमसेल, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी असतात, हे अगदी खरं आहे. २००१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसक्शनमध्ये काढून फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीतून या पेशी वेगळ्या केल्या. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, कूर्चा, स्नायू यांच्यासारख्या पेशी तयार होतात, असं त्यांनी दाखवलं. तोवर अशा पेशींसाठी कमरेच्या हाडात जाड सुई घालून अस्थिमज्जा काढावी लागे. चरबी काढणं त्यापेक्षा सोपं, आणि तेवढ्याच चरबीत अशा पेशी कित्येक पटींनी जास्त सापडतात. तेव्हापासून जगभर यावर काम चालू आहे. व्हिडिओत दाखवलेली गोष्ट कुणी हवेतून काढलेली नाही.

मी स्वतः हे एकदा जवळून पाहिलं आहे. नऊ वर्षांपूर्वी प्लास्टिक सर्जरीच्या एका कार्यशाळेला गेले होते. पोटाच्या कातडीखाली आधी सलाईन, भुलीचं औषध आणि रक्तस्राव कमी करणारं अॅड्रेनलिन असं मिश्रण सोडलं, पोट कणकेसारखं घट्ट झालं. मग बोथट टोकाच्या नळीनं सिरिंजमध्ये चरबी ओढली. सिरिंज उभी ठेवली की दहा मिनिटांत तिचे तीन थर होतात : वर फुटलेल्या चरबीचं पिवळं तेल, मध्ये दाणेदार चरबी, खाली गुलाबी पाणी. मधला थर धुऊन त्यात कोलॅजिनेज नावाचं विकर घालतात. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे धागे ते विरघळवतं. शरीराच्या तापमानाला ते ढवळत ठेवायचं आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं. फिरवून झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी नळी उजेडासमोर धरली. तळाला तुरीच्या डाळीएवढा लालसर ठिपका होता. एवढ्या खटाटोपातून हाती आलेला तो ठिपका. त्यातल्याही सगळ्या पेशी आपल्याला हव्या असलेल्या नसतात; रक्तातल्या, रक्तवाहिन्यांच्या, जोडऊतीच्या अशा मिसळीत त्या थोड्या असतात. प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवल्यावर त्यांची पुरेशी संख्या होते.

या पेशी जखमेत जाऊन काय करतात? बहुतेकांना वाटतं, त्या नवी कातडी होऊन बसतात. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण जखमेत टाकलेल्या बऱ्याचशा पेशी काही दिवसांतच मरून जातात. जाण्याआधी त्या जी रसायनं सोडतात, त्यांचं काम मोठं. काही रसायनं आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावतात, काही सूज शमवतात, काही कोलॅजन विणणाऱ्या पेशींना कामाला लावतात. शुगरवाल्याची जुनी जखम सुजेच्या टप्प्यावरच अडून बसलेली असते, पुढे सरकतच नाही. तिला पुढे ढकलायला अशी मदत उपयोगी पडेल, हा विचार मला पटतो.

पण प्रयोगशाळेत दिसतं तसं प्रत्येक रुग्णात घडतं का? दक्षिण कोरियात झालेली एक चाचणी मला फार बोलकी वाटते. निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. मधुमेही पायाच्या जखमा असलेले ५९ रुग्ण होते. निरोगी दात्याच्या चरबीतून वाढवलेल्या पेशींचा पातळ जेलसारखा पापुद्रा निम्म्यांच्या जखमेवर ठेवला, निम्म्यांच्या जखमेवर पेशी नसलेला पॉलीयुरेथेनचा साधा पातळ पापुद्रा. बारा आठवड्यांत पेशीवाल्या गटात ८२ टक्के जखमा पूर्ण भरल्या. दुसऱ्या गटात ५३ टक्के. आशा वाटावी असाच हा फरक आहे, फक्त माणसं थोडी आहेत. पण भाऊ, तो दुसरा आकडा परत वाचा. पेशींचा एक थेंबही न लावता, नीट काळजी घेतल्यामुळे निम्म्याहून जास्त जखमा भरल्या. आणि पेशी तिथेही रुग्णाच्या पोटातून काढल्या नव्हत्या.

उलट गेलेलं उदाहरणही सांगते, कारण व्हिडिओवाले ते सांगत नाहीत. क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजारात गुदद्वाराजवळ भगंदरासारख्या वाटा पडतात. त्यासाठी दात्याच्या चरबीतल्या पेशींचं एक औषध २०१८ साली युरोपात मान्य झालं. पहिल्या चाचणीत ते चाललं होतं. दुसऱ्या, मोठ्या चाचणीत २०२३ साली ते कमी पडलं आणि २०२४ च्या डिसेंबरात ते युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. नामांकित शास्त्रज्ञ, मोठी कंपनी, सगळं नियमानं केलेलं, तरी असं झालं. या क्षेत्रात आज एवढंच पक्कं आहे, आणि म्हणून इथे विक्री सुरू करण्याची वेळ अजून आलेली नाही.

बाबांच्या पोटाचं विचारलंत. सुकट माणसालाही मांडीतून, कमरेतून थोडी चरबी निघते. पण वयस्क आणि अनेक वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या या पेशी निरोगी तरुणाच्या पेशींइतकं काम करत नाहीत, नव्या रक्तवाहिन्या फोडण्यात त्या कमी पडतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यात जखमेत पू किंवा मेलेलं मांस असेल तर टोचलेल्या पेशी तिथे टिकतच नाहीत.

आता पैशाचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं मज्जा-पेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर माणसावर स्टेमसेल वापरायचे असतील तर ते मान्यता घेतलेल्या संशोधन चाचणीतच वापरायचे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. पायाच्या मुख्य रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या आजारासाठी एका पेशी-औषधाला आपल्याकडे मान्यता आहे, पण ते दात्यांच्या अस्थिमज्जेतलं, वेगळ्याच कामाचं. त्याचं नाव पुढे करून कुणी चरबीचं इंजेक्शन विकत असेल तर फसू नका. तुमच्या सेंटरनं एक लाख ऐंशी हजार मागितले ना? मग ती चाचणी नाही. आणि चाचणी नसेल तर ते नियमात बसत नाही.

'टोचून पाहायला काय जातं, आपलीच तर चरबी,' असं मेव्हणे म्हणतील. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका केंद्रात तीन वयस्क स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींची नजर गेली. २०१७ साली ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्या केंद्राच्या अभ्यासाची नोंद सरकारी यादीतही होती. म्हणून नुसतं 'आमचं रजिस्ट्रेशन आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

आता तुमच्या त्या ओळीकडे येते.

बाबांना दुखत नाही, हाच त्यांचा आजार आहे. शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत. तुम्हा-आम्हाला खुट टोचलं तर आपण पाय उचलतो, चार दिवस लंगडतो. ते लंगडणं म्हणजे शरीरानं जखमेला दिलेली सुट्टी असते. बाबांना ती सुट्टी मिळत नाही. श्रावणातल्या चिखलात डवऱ्यामागे चालताना ज्या जागी जखम आहे, नेमक्या त्याच जागी पाऊल पुढे टाकायचा सगळा भार येतो. दिवसातून हजारो वेळा. रात्री जेवढं भरतं, सकाळी तेवढं चिरडलं जातं. अशा पायावर मी सोन्याची पेशी ठेवली तरी तिचं काय होईल?

हे मला पुस्तकातून समजलं नाही. नागपूरच्या मेडिकलमधून शिकून निघाले तेव्हा काही आठवडे वरोऱ्याला आनंदवनात होते. बाबा आमटेंच्या महारोगी सेवा समितीचं काम १९४९ पासूनचं. कुष्ठरोग्यांच्या तळपायाची जखम आणि तुमच्या बाबांची जखम, दोन्ही एकाच जातीच्या : बधिर पाय, वर माणसाचं ओझं. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी हे वर्षानुवर्षं दाखवून दिलं होतं की या लोकांचं मांस सडकं नसतं, पायाला विश्रांती मिळाली तर ते आपल्यासारखंच भरतं. ते प्लास्टर घालून पाय बंद करून ठेवत. तीच प्लास्टरची पद्धत पुढे जगभर मधुमेही पायासाठी रुजली. पावलाला सगळीकडून सारखं टेकणारं हे प्लास्टर भार पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देतं.

माझ्याकडे आर्णीकडचे एक शेतकरी आले होते, आठ महिन्यांची जखम घेऊन. पायाची नाडी हाताला चांगली लागत होती, एक्स-रेत हाड साफ होतं. जखमेच्या कडेला बांधावरच्या मातीसारखा कडक घट्टा चढला होता. तो कापून काढला तेव्हा त्यांनी पायाकडे पाहिलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर बघत होते, इतका पाय बधिर. प्लास्टर घातलं, चौथ्या दिवशी बदललं, मग दर आठवड्याला. सातव्या आठवड्यात जखमेच्या जागी गुलाबी, चकचकीत, कांद्याच्या पापुद्र्यासारखी नवी कातडी. ते म्हणाले, "डाक्टरीणबाई, औषध तं तुमी देल्लंच नाई. मंग बरं कसं झालं?"

पण प्लास्टर घालण्याआधी दोन गोष्टी पाहाव्याच लागतात, आणि इथे तुम्ही आग्रह धरा. पहिली, पायात रक्त येतंय का? पावलावर वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का, ते बोटानं पाहतात. शंका असली तर डॉपलरची, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहण्याची तपासणी. रक्तच येत नसेल तर प्लास्टर नुकसान करतं आणि आधी रक्तवाहिनी मोकळी करावी लागते. दुसरी, जखम हाडापर्यंत गेली आहे का? पाच महिन्यांच्या जखमेत निर्जंतुक सळई हलकेच घालून हाड लागतं का ते पाहतात, एक्स-रे काढतात. हाडात पू असेल तर वरून काहीही लावून भागत नाही. इतक्या जुन्या जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल असं डॉक्टर म्हणाले तर घाबरू नका. क्वचित अशा जखमेत कॅन्सर लपलेला असतो, तो वेळेत सापडावा म्हणून ते करतात. त्यावर वाढ करणारं काही टोचण्याआधी तर हे फारच आवश्यक.

यवतमाळचं सरकारी मेडिकल तुम्हाला जवळचं. सेवाग्रामलाही जाऊ शकता. महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. योजनेत काय बसतं ते त्यांना आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. बैलजोडी गोठ्यातच राहू द्या.

तोवर बाबांनी वावरात जायचं नाही. हे लिहिताना मला माहीत आहे की डवरणीचे दिवस आहेत आणि मजूर मिळत नाहीत. तरीही. घरातसुद्धा त्या पायावर टेकून चालायचं नाही, कुबडी घ्या, अनवाणी एक पाऊलही नको. कंबरमोडी, हळद, चुना, काहीच आत भरू नका. खर्रा खात असतील तर तो बंद करायचाच. तंबाखूनं पायाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि बाबांना आत्ता त्याच हव्या आहेत. खाण्यात तुरीचं वरण घट्ट असू द्या, अंडं चालत असेल तर रोज. तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि जखम मोजा. दर रविवारी पट्टी बदलताना जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोनवर सरळ वरून फोटो काढा, लांबी-रुंदी कॅलेंडरवर त्याच तारखेच्या चौकोनात लिहा. नीट उपचार सुरू झाल्यापासून चार आठवड्यांत जखम निम्मी झाली, तर ती बहुधा पूर्ण भरते. निम्मी झाली नाही, तर काहीतरी सुटतंय असं समजून परत दाखवा. एवढं सगळं करूनही जखम हटूनच बसली, तर मग मान्यताप्राप्त चाचणी कुठे चालू आहे का ते मी स्वतः शोधून देईन. देशातल्या चाचण्यांची नोंद सरकारी रजिस्ट्रीत असते, कुणीही पाहू शकतं.

उत्तर एवढं लांब का लिहिलं, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी दारव्ह्याकडची एक बाई माझ्याकडे अशीच जखम घेऊन आली होती. तिची नाडी लागत नव्हती. ओपीडीत गर्दी होती. मी 'मोठ्या दवाखान्यात जा' म्हणून चिठ्ठी लिहून दिली, पण का जायचं, काय तपासायचं, ते समजावलं नाही. तिच्या मुलांनी जमवलेले पैसे अशाच एका सेंटरमध्ये भरले. तिथे कुणी नाडी पाहिली नाही. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा बोटं काळी पडली होती आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. दहा मिनिटं बोलायला हवं होतं. ते मी तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

प्रश्न : ताई, मी गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आशा आहे. आमच्या पाड्यातल्या चार वर्षांच्या मुलीच्या कोपरावर सहा महिन्यांपूर्वी उकळती पेज सांडली. जखम भरली, पण व्रण जाड आणि लाल आहे, हात पूर्ण सरळ होत नाही. तिच्या आईनं कुठूनसं ऐकलं की चरबी टोचली की व्रण मऊ होतो. ती म्हणते, माझी चरबी घ्या. असं होतं का?

उत्तर : आईला माझा नमस्कार सांगा. आईची कातडी मुलीला कायमची लागत नाही, शरीर ती काही आठवड्यांत टाकून देतं. साधी चरबीही दुसऱ्याची बसवता येत नाही. व्रणाखाली स्वतःची चरबी भरण्याचा उपाय प्लास्टिक सर्जन करतात, काही मोठ्या माणसांमध्ये व्रण मऊ पडल्याचा अनुभव आहे. पण लहान मुलांच्या भाजल्याच्या व्रणांवर २०१७ साली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. आठ मुलं होती. व्रणाच्या एका भागात चरबी आणि दुसऱ्या भागात सलाईन टोचलं. दोन्हींत फरक दिसला नाही.

या मुलीचं खरं काम कोपर सरळ करण्याचं आहे, आणि सहा महिन्यांचा लाल व्रण म्हणजे तो अजून आकसतो आहे. तिला लवकर गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात न्या, तिथून गरज पडली तर नागपूरच्या मेडिकलला प्लास्टिक सर्जरी विभागात. हात सरळ ठेवणारा स्प्लिंट रात्री झोपताना, दाब देणारी घट्ट बाही दिवसभर, आणि दिवसातून तीन-चार वेळा तेल लावून पाच मिनिटं चोळणं, मग हलके हलके ताणणं. फिजिओथेरपिस्टकडून आईला ते ताणणं हातात हात घेऊन शिकवून घ्या. तोंडी सांगून ते येत नाही. एवढं करूनही हात अडून राहिला तर व्रण मोकळा करून तिथे तिचीच कातडी लावण्याची शस्त्रक्रिया होते. ती जुनी आणि भरवशाची आहे.

जाताना तिचा हात आत्ता किती उघडतो ते कागदावर पेन्सिलीनं आखून घ्या आणि तारीख टाका. पुढच्या महिन्यात त्याच कागदावर परत हात ठेवा.